तिथीवर चालणारं ऑफिस

ऐरोलीच्या सेक्टर दहामधल्या इमारती संपल्या की दिवा गावाच्या अंगाला, खाडीला खेटून वनखात्याचं एक केंद्र आहे. पाटीवर नाव आहे 'किनारी व सागरी जैवविविधता केंद्र'. एवढं नाव रिक्षात बसून कोणी सांगत नाही. 'फ्लेमिंगो सेंटर' म्हटलं की पुरतं. 2017 साली सुरू झालेल्या या केंद्रात काचेमागची प्रदर्शनं आहेत, तिवरांतून जाणारी लाकडी पायवाट आहे, पण लोक येतात ते फ्लेमिंगो दाखवणाऱ्या बोटीसाठी. आणि बोटीची वेळ रोज वेगळी. फोनवर "साधारण किती वाजता असते हो?" असं विचारणाऱ्याला 'साधारण' असं काही सांगताच येत नाही. आज दहाला निघालेली बोट उद्या पावणेअकराच्या सुमाराला निघते, परवा साडेअकराला.

कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला यात नवल नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशेब इथे पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. आता कोष्टकं आहेत, मोबाइलवर सगळं दिसतं. तरी पाऊणकीचा आडाखा फारसा चुकत नाही. खाडीत आतवर पाणी चढायला थोडा उशीर लागतो, तेवढा धरायचा.

मी गेलो ती माघ वद्य तृतीया होती. म्हणजे सव्वादोनची भरती, आणि पौर्णिमा नुकतीच झालेली असल्यामुळे पाणी उधाणाचं. बोट निघाली पाणी ओसरायला लागल्यावर. या वेळेतच सगळी मेख आहे. बोटीला पाणी हवं आणि पक्ष्याला चिखल. पुरत्या ओहोटीला धक्क्यापाशी गाळच उरतो, बोट हलत नाही. पुरत्या भरतीला रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, ताट पाण्याखाली जातं आणि ते उठून दुसरीकडे जातात. या दोन्हींच्या मधल्या तासा-दीड तासात सफर बसवायची, हेच इथलं रोजचं नियोजन.

तिवरांची भिंत सरकत गेली. पाणी उतरलं तशी चिखलातून वर आलेली त्यांची श्वसनमुळं दिसायला लागली, पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी, आणि जवळजवळ प्रत्येक पेन्सिलीला प्लास्टिकची एखादी चिंधी. शहर ओढ्यानाल्यांत जे टाकतं ते भरती इथे आणून अडकवते. हा कचरा हातानंच काढावा लागतो, गुडघाभर गाळात उतरून, तोही ओहोटीच्याच वेळेत. प्रदर्शनातल्या कुठल्याही फलकापेक्षा हे काम मला जास्त सांगून गेलं. मुळांमधल्या ओल्या चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. पायवाटेवर तिवराचं एक पान उलटं करून जिभेला लावून पाहिलं होतं, चक्क खारट. नको असलेलं मीठ झाड पानांवाटे टाकून देतं.

मग वळणापलीकडे गुलाबी पट्टी दिसली. इंजिन मंद झालं.

बोटीतल्या बहुतेकांचं लक्ष रंगाकडे होतं, माझं चोचींकडे. रोहित पक्षी मान खाली घालतो तेव्हा चोच उलटी होते, वरची बाजू खाली. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत-बाहेर जातं आणि चोचीच्या कडेच्या चाळणीत खाणं अडकतं. लहान रोहिताची, गडद चोचीच्या पक्ष्याची, चाळणी बारीक. तो शेवाळावर जगतो. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी, टोकाला काळी; तो बारीक जीवही टिपतो. गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो, म्हणून पिल्लं राखाडी असतात. शेवाळ इथे इतकं माजतं याला आपलं सांडपाणीही कारण आहे, हे ऐकून बोटीत जरा शांतता झाली. 1990च्या दशकापासून हे थवे मुंबईच्या खाड्यांत मोठ्या संख्येनं येऊ लागले. अलीकडच्या मोजण्यांत आकडा लाखापलीकडे गेलेला आहे.

सरकारी कागद मागून आले. 2012 मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष, 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधलं, सुमारे 1,690 हेक्टर. 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव. त्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं सहा रोहितांना जीपीएस यंत्रं बसवली. एकाचं नाव सालिम, एकाचं हुमायुन, आणि एकाचं चक्क 'नवी मुंबई'. यातला हुमायुन पुढे गुजरातेत गेला.

पक्ष्यांची राखण म्हटलं की मला दुसरंच चित्र आठवतं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ मे नावाचं बेट आहे. तिथले राखणदार हंगामभर बेटावरच राहतात, पफिनांची बिळं मोजतात, आणि वारा पडला नाही तर पाहुण्यांची बोट येत नाही. त्यांच्याबद्दल वाचताना हेवा वाटतो. इथला वनरक्षक ड्यूटी संपली की घरी जातो, आणि त्याच्या अभयारण्याच्या डोक्यावर उच्चदाबाच्या तारा आहेत, पलीकडे टॉवर आहेत, वर विमानांची वाट आहे. मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत चाळीसच्या आसपास रोहित मेले. भरतीला पक्षी ज्या पाणथळींवर विसाव्याला जातात, ती नेरुळ-सीवूड्सकडची तळी अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. पक्ष्याचा अर्धा दिवस रेषेच्या आत जातो, अर्धा बाहेर. माझ्या मते या अभयारण्याची खरी पंचाईत ही आहे. नकाशा ठरलेला आणि भरती रोज हलणारी.

परतताना गाळ उघडा पडत चालला होता, थवा पुढे पुढे सरकत होता. आता पाहायला खरी मजा होती, पण पाणी संपत आलं होतं. धक्क्याला लागताना बोटीचा तळ एकदा घासला. तिकिटाच्या खिडकीपाशी एक आजोबा नातवंडांसाठी उद्याची चौकशी करत होते. आतून काही उत्तर यायच्या आधीच त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "उद्या संकष्टी ना? म्हणजे तीन."