विश्लेषण : छोट्या कुटुंबाला घर किती मोठे हवे? २६९ चौरस फुटांत डोणगावचा संसार मावतो का?

घरकुल मंजूर होते, पहिला हप्ता खात्यात पडतो, गवंडी दोरी आणि चुन्याची फक्की घेऊन जागेवर येतो आणि घरात वाद सुरू होतो. दोन खोल्या काढायच्या की तीन? न्हाणी आत घ्यायची की मागे ठेवायची? सोयाबीनचे कट्टे कुठे रचायचे? मेहकर तालुक्यातील डोणगाव असो की विदर्भातील दुसरे कुठलेही गाव, पाया आखण्याच्या त्या एका सकाळी घेतलेला निर्णय पुढची तीस-चाळीस वर्षे निभवावा लागतो. सरकारी कागदावर उत्तर तयार आहे : २६९ चौरस फूट. हा आकडा नेमका काय सांगतो आणि काय सांगत नाही?

२६९ कुठून आले?

२६९ चौरस फूट म्हणजे २५ चौरस मीटर. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटर होते. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणने घेतली आणि हे क्षेत्र २५ चौरस मीटर झाले. त्यात स्वयंपाकाची स्वतंत्र जागाही धरलेली आहे. गावात अनेकदा गैरसमज होतो तो इथेच. २६९ ही किमान मर्यादा आहे, कमाल नाही. जागा आणि पदरचा पैसा असेल तर घर मोठे बांधता येते.

गंमत अशी की हाच आकडा मुंबईतही भेटतो. झोपडपट्टी पुनर्वसनातील मोफत घर आधी २२५ चौरस फुटांचे होते, २००८ मध्ये ते २६९ चौरस फूट झाले आणि पुढे ३००. पण दोन्हीकडचे २६९ सारखे नाहीत. मुंबईत दार उघडले की समोर सामाईक जिना. डोणगावात दार उघडले की अंगण, तेही शिल्लक असेल तर.

भिंती किती जागा खातात?

घर बाहेरून साडेसोळा फूट बाय सोळा फूट चार इंच बांधले, की साधारण २६९ चौरस फूट भरते. भिंत नऊ इंची धरली तर आत उरतात पंधरा फूट बाय चौदा फूट दहा इंच, म्हणजे सुमारे २२२ चौरस फूट. मधली साडेचार इंची भिंत वजा केली की उरले २१७. जवळपास पन्नास फूट जागा विटांनीच खाल्ली. राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्वयंपाकघराचे किमान क्षेत्र ५ चौरस मीटर, म्हणजे ५४ चौरस फूट आहे. बाहेरून मोजायचे की आतून, या एका प्रश्नात एक छोटे स्वयंपाकघर गमावते किंवा मिळते. गवंड्याशी बोलताना हे पहिल्यांदा ठरवून घ्यायला हवे. बहुतेक जण ते विचारतच नाहीत.

आता या २१७ फुटांचे दोन भाग करू. पुढची खोली पंधरा बाय साडेआठ, मागची पंधरा बाय जेमतेम सहा. संहितेनुसार राहण्याची खोली किमान ९.५ चौरस मीटर (सुमारे १०२ चौरस फूट) आणि ८ फूट रुंद हवी. पुढची खोली यात बसते. मागे स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात सामान. कागदावर सगळे जमले.

झोपायला पुरते, मग अडते कुठे?

समजा घरात नवरा-बायको, दोन मुले आणि आजी आहेत. जमिनीवर एका माणसाच्या अंथरुणाला अडीच बाय सहा, म्हणजे १५ चौरस फूट लागतात. पाच जणांचे झाले ७५. पुढच्या खोलीत रात्र निघते. घराची परीक्षा मात्र रात्री होत नाही, ती कार्तिकात होते.

तीन एकर सोयाबीन आहे आणि एकरी सहा क्विंटल उतारा पडला, तर १८ क्विंटल माल घरी येतो. पन्नास किलोचा कट्टा धरला तर ३६ कट्टे. आडवा कट्टा साधारण सहा चौरस फूट जागा घेतो. सहा-सहा कट्ट्यांच्या सहा थप्प्या लावल्या तरी ३६ चौरस फूट गेले, म्हणजे आतल्या जागेचा सहावा हिस्सा. त्यात तुरीचे आणि हरभऱ्याचे बियाणे, खताच्या दोन गोण्या, फवारणी पंप. फवारणीचे औषध तर स्वयंपाकघराच्या आसपासही नको.

इथे घराचे क्षेत्रफळ थेट बाजारभावाशी जाऊन भिडते. कट्टे ठेवायला कोरडी जागा नसली की माल खळ्यावरून सरळ बाजार समितीत जातो, तोही सगळ्यांचा माल एकदम येतो त्याच पंधरवड्यात. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना अनेक बाजार समित्यांत दर त्याच्या खाली होते. भाव वाढेलच याची खात्री कोणी देत नाही; पण थांबायचे की विकायचे, हे ठरवण्याची मुभा ज्याच्या घरात चार कोरडे कोपरे आहेत त्यालाच असते. बाजार समित्यांमार्फत चालणारी शेतमाल तारण कर्ज योजना हा दुसरा रस्ता आहे. त्यात सोयाबीन गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. म्हणजे घरात नसलेली खोली गोदामात मिळवायची.

वऱ्हाडातल्या जुन्या धाब्याच्या घरांना हा प्रश्न फारसा पडला नव्हता. दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचे धाबे, पुढे सपरी, मागे परस. आतली खोली अंधारी आणि लहानच असायची. पण तिच्यावर सगळा भार नव्हता. पाहुणा सपरीत टेकायचा, आजी तिथेच तुरीची डाळ निवडायची, धान्य कणगीत, कुटार आणि पऱ्हाट्या मागच्या वाडग्यात. ही घरे गळायची, उंदीर-घुशी पोखरायच्या, दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकावी लागायची, त्यामुळे त्यांच्या आठवणीने गहिवरण्याचे कारण नाही. पण पक्के घर बांधताना चार भिंती मोजल्या गेल्या आणि सपरी मोजणीतून सुटली, हे खरे.

दुसरी अडचण बाईमाणसांची. बांधकाम संहितेतील न्हाणीचे किमान क्षेत्र १.८ चौरस मीटर आणि शौचालयाचे १.१ चौरस मीटर आहे. दोन्ही मिळून अवघे ३१ चौरस फूट. तरीही पैसे संपू लागले की पहिली काट न्हाणीवर बसते. मग मागच्या भिंतीला चार बल्ल्या, त्यावर जुने लुगडे किंवा ताडपत्री आणि अंधार असतानाच उरकायची आंघोळ. उन्हाळ्यात पाण्याचे ड्रम भरून ठेवायचे, त्यालाही जागा लागते. दोनशे लिटरच्या एका ड्रमला चार चौरस फूट.

आणि तिसरी अडचण काळाची. मुलगी सहावीत असताना पुरणारी एक खोली ती दहावीला गेली की पुरत नाही. टीव्ही चालू, आजीचा खोकला, त्यातच तिचा अभ्यास. पुढे लेक बाळंतपणाला माहेरी येते, धाकट्याचे लग्न ठरते. कुटुंब ‘छोटे’ असते ते शिधापत्रिकेवर. घरात ते सारखे वाढत-आटत असते.

जगात माप कसे लावतात?

मापे बरीच आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेच्या निकषानुसार एका राहत्या खोलीत तिघांपेक्षा जास्त माणसे असली तर ती गर्दी. दोन खोल्यांतले पाच जण या कसोटीत उत्तीर्ण होतात, अर्थात मागची खोली राहती धरली तर. जपानचे किमान निवासाचे सूत्र वेगळे आहे : माणशी १० चौरस मीटर आणि वर आणखी १०. चौघांना ५० चौरस मीटर, म्हणजे घरकुलाच्या बरोबर दुप्पट. मात्र लहान मुले तिथे पूर्ण माणूस म्हणून मोजत नाहीत.

आपल्याकडची स्थिती? २०११च्या जनगणनेत देशातील ३७.१ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८च्या फेरीत ग्रामीण घराचे सरासरी क्षेत्र ४६.६ चौरस मीटर निघाले. २५ चौरस मीटरचे घरकुल त्याच्या निम्म्याहून थोडेसेच जास्त भरते.

पैशांत किती फूट बसतात?

डोंगराळ नसलेल्या भागात केंद्राच्या योजनेचे अनुदान १ लाख २० हजार रुपये. २६९ ने भागले तर चौरस फुटाला ४४६ रुपये. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६च्या ३१२ रुपये दराने ती २८,०८० होते. शौचालयाचे १२ हजार आणि राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या ५० हजारांच्या वाढीव मदतीपैकी बांधकामाचे ३५ हजार (उरलेले १५ हजार सौरऊर्जेसाठी) धरले, तर बेरीज १ लाख ९५ हजार ८०. म्हणजे फुटामागे सुमारे ७२५ रुपये. सिमेंट, लोखंड, रेती आणि गवंड्याची मजुरी यांचे भाव ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या रकमेत स्लॅबचे घर पुरे होत नाही हे सांगायला नको. योजनेत ७० हजारांपर्यंत बँक कर्जाची सोय आहे. पण मजुरीवर जगणाऱ्याला ते फेडायचे आहे, हे पाया आखतानाच डोक्यात असलेले बरे. तीन खोल्यांचा पाया घालून लिंटेलपाशी थांबलेली घरे कुठल्याही गावात पाहायला मिळतात. त्यांत राहता येत नाही आणि पुढचा हप्ताही अडतो.

ज्यांच्याकडे गावठाणात जागाच नाही, त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. तिच्यातून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आता एक लाखापर्यंत मदत मिळते. त्यावर २६९ चे घर बसवले की उरतात २३१ फूट. त्यातच शोषखड्डे, पाण्याची टाकी, अंगण आणि उद्याची खोली.

मग नेमके किती हवे?

चौघा-पाचांच्या शेतकरी कुटुंबाचा हिशेब असा मांडता येतो : पुढची खोली १२०, दुसरी खोली १००, स्वयंपाकघर ६०, न्हाणी-शौचालय ३१ आणि कट्ट्यांसाठी ४०. आतली जागा झाली साधारण साडेतीनशे चौरस फूट. शिवाय शंभरेक फुटांची सपरी. शेती नसलेल्या, मजुरी किंवा छोटी नोकरी करणाऱ्या कुटुंबाला कट्ट्यांचे चाळीस फूट वगळता येतील. न्हाणीचे एकतीस कोणालाच वगळता येणार नाहीत.

एवढे पहिल्याच झटक्यात बांधायची गरज नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरची वसाहत आखताना प्रत्येक घराला स्वतंत्र भिंती आणि स्वतःचे मोकळे आवार दिले. शेजाऱ्याच्या भिंतीला हात न लावता प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे वाढवता यावे म्हणून. भूखंड ४५ चौरस मीटरच्या आसपासपासून सुरू होत होते, म्हणजे डोणगावातल्या त्या ५०० फुटांच्या जागेएवढेच.

तोच धडा इथे लावायचा तर घर जागेच्या मधोमध न घेता एका कडेला सरकवावे लागते. दुसऱ्या खोलीच्या बाजूची भिंत खिडकीऐवजी दाराच्या मापाचा लिंटेल टाकून बांधली, की पुढे ती फोडताना घर हलत नाही. वर मजला चढवायचा विचार असेल तर खांब आणि पाया आत्ताच त्या वजनाचे हवेत. नुसत्या सळया स्लॅबवर उभ्या ठेवून भागत नाही. उघड्या सळया दोन-चार पावसाळ्यांत गंजतात. जिना बाहेरून घेतला तर तीन फुटांची पट्टी जाते, पण मे महिन्यात गच्चीवर पाच जण झोपू शकतात आणि जिन्याखाली न्हाणी बसते. टिनपत्रे स्वस्त पडतात. मात्र दुपारी त्याखाली कूलरही हात टेकतो आणि वरची जागा कायमची जाते.

फक्की टाकल्यावर लगेच खोदायला घेऊ नये. एका संध्याकाळी त्या पांढऱ्या रेघांच्या आत खाट टाकून पाहावी, सतरंज्या अंथराव्यात, शेजाऱ्याचे दोन कट्टे आणून ठेवावेत आणि घरातल्या बाईला चूल, ओटा आणि न्हाणीचे दार कुठे हवे ते विचारावे. रेघ पुसून दुसरी मारायला मूठभर चुना लागतो.