घार दिसली की उंदीर का थिजतो?

अंगणात कोंबडीची पिल्लं दाणे टिपत असताना वर घार आली, की पिल्लं क्षणात आईच्या पंखाखाली! हे त्यांना कोण शिकवतं?

अमेरिकेत २०१३ साली शास्त्रज्ञांनी उंदरांवर एक गमतीचा प्रयोग केला. खोक्याच्या वर पडदा लावला आणि त्यावर एक काळी चकती भराभर मोठी होताना दाखवली, जणू वरून कुणी झडप घालतंय. काही उंदीर धूम पळत आडोशाला शिरले, काही पुतळ्यासारखे जागीच थिजले. पुढे २०१६ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. बारीक ठिपका वरून नुसता सरकत गेला, की उंदीर बहुधा थिजतात. अंगावर येतोय असं दिसलं, की पळतात. हुशारच की! लांबच्या घारीला जे हलतं तेच आधी दिसतं.

हा हुकूम सुटतो मध्यमेंदूतून. तिथे एक बारीक नळी आहे आणि तिच्याभोवती करड्या रंगाच्या पेशींचं वेटोळं. डोळ्यांना दिसलेल्या संकटाची खबर जवळच्या दोन उंचवट्यांकडून या वेटोळ्याकडे येते.

आपल्या डोक्यातही ते आहे बरं का! २००७ साली लंडनमध्ये काही माणसांना संगणकावर पाठलागाचा खेळ दिला. पकडलं गेलं तर हाताला विजेचा झटका! शत्रू लांब असताना कपाळामागचा, विचार करणारा मेंदू कामात होता. शत्रू जवळ येताच हे वेटोळं जागं झालं. तेव्हा कुत्रा अंगावर आल्यावर कुणी जागीच खिळला, तर त्याला ‘भित्रा’ काय म्हणायचं?

कधी कधी मात्र समोर काहीच नसताना छाती धडधडते, श्वास कोंडतो, आता मरणार असं वाटतं. हा पॅनिक अटॅक. ते नाटक नव्हे! मेंदूच्या शस्त्रक्रियेत याच भागाला सौम्य वीज दिली, तेव्हा रुग्णांना अशीच भीती वाटली होती. म्हणून या आजारात वेटोळ्याचा हात असावा, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. औषधं आणि समुपदेशन यांनी तो आटोक्यात येतो.

आणि हो, हेच वेटोळं वेदनाही दाबतं. पळताना कळा मोजत बसून कसं चालेल? १९६९ मध्ये उंदराच्या या भागाला वीज देऊन, भूल न देता पोटाची शस्त्रक्रिया झाली. पुढे डॉक्टरांनी असह्य दुखण्याने गांजलेल्या माणसांच्या मेंदूतही तिथे बारीक तारा बसवून पाहिल्या. काहींचं दुखणं खरंच कमी झालं.