त्वचेची ऊतकपरीक्षा

त्वचेची ऊतकपरीक्षा म्हणजे रुग्णाच्या त्वचेचा लहानसा तुकडा काढून, त्याचे अतिशय पातळ छेद रंगवून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची आणि त्यावरून रोगाचे निदान करण्याची पद्धत होय. तुकडा काढण्याच्या क्रियेस बायोप्सी किंवा जीवोतक परीक्षा असे म्हणतात. बहुतेक त्वचारोग डॉक्टरांना डोळ्यांनी पाहून आणि हाताने चाचपून ओळखता येतात. परंतु त्वचेजवळ रोग व्यक्त करण्याची साधने मोजकीच आहेत : चट्टा, गाठ, फोड, खवले, व्रण. त्यामुळे कारण, उपचार आणि परिणाम यांत एकमेकांशी काहीही साम्य नसलेले रोग वरून अगदी सारखे दिसू शकतात. अशा वेळी, विशेषतः दुर्मिळ किंवा नेहमीपेक्षा वेगळ्या रूपात प्रकटलेल्या रोगांत, ऊतकपरीक्षा निर्णायक ठरते.

इतिहास

त्वचारोगांचा सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत सुरू झाला. बर्लिनचे गुस्टाव सिमोन यांचा या विषयावरील ग्रंथ १८४८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘बायोप्सी’ हा शब्द १८७९ मध्ये पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्त बेनिए यांनी वैद्यकात रूढ केला. हॅम्बुर्गचे पाउल गेर्सन उना यांनी १८९४ मध्ये त्वचेच्या ऊतकविकृतींवर बृहद्ग्रंथ लिहिला आणि या शाखेला स्वतंत्र स्थान मिळाले.

या विषयाच्या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईस आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. पुढे काही वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. अनवाणी काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला होणारा, सूज, गाठी आणि छिद्रांतून कण बाहेर टाकणारा ‘मदुरा पाद’ हा रोग बुरशीमुळे होतो, असे त्यांनी रोगग्रस्त पायांच्या सूक्ष्म तपासणीवरून मांडले. या रोगास ‘मायसेटोमा’ हे आजही रूढ असलेले नाव त्यांनीच दिले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. कुष्ठरोगावरही त्यांनी संशोधन केले.

विसाव्या शतकात डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी हे काम पुढे नेले. भारतीय विकृतिविज्ञानाचे जनक म्हणून ओळखले जाणारे खानोलकर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. कुष्ठरोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांतील ऊतकांचा त्यांनी केलेला अभ्यास १९५१ मध्ये इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने प्रसिद्ध केला. त्वचेतील सूक्ष्म चेतातंतूंमध्ये काय घडते, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

नमुना घेण्याची पद्धत

त्वचेचे तीन स्तर असतात : बाह्यत्वचा, अंतस्त्वचा आणि त्यांखालील मेदस्तर. रोग कोणत्या स्तरात असावा या अंदाजावर नमुन्याची खोली ठरते. सर्वसाधारणपणे जागा बधिर करून ‘पंच’ नावाच्या गोल पात्याच्या साधनाने ३ ते ४ मिलिमीटर व्यासाचा तुकडा काढतात. जखमेला एखाददुसरा टाका पुरतो आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मेदस्तराचा रोग असल्यास मात्र पंचने घेतलेला उथळ तुकडा उपयोगाचा नसतो. तेथे शस्त्राने खोलवर छेद घ्यावा लागतो.

जागेची निवड तितकीच महत्त्वाची असते. कुष्ठरोगाचा संशय असल्यास चट्ट्याच्या वाढत्या कडेचा भाग घेतात. फोडांच्या रोगात ताजा, न फुटलेला फोड हवा असतो. खाजवून सोललेल्या किंवा जंतुसंसर्ग झालेल्या जागेतून मूळ रोगाऐवजी ओरखड्याचेच चित्र दिसते. रुग्ण स्टेरॉइडचे मलम लावत असेल तर दाहाच्या खुणा पुसट होतात. म्हणून शक्य असल्यास डॉक्टर ते काही दिवस थांबवण्यास सांगतात.

जतन आणि रंजन

काढलेला तुकडा लगेच १० टक्के फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवतात. त्यामुळे ऊतकाचे कुजणे थांबते आणि नमुना दूरच्या प्रयोगशाळेत सुखरूप पोहोचतो. मीरा-भाईंदर शहरातील सिल्व्हर पार्कसारख्या निवासी भागातील दवाखान्यात घेतलेला नमुना मुंबईतील प्रयोगशाळेत तपासता येतो, तो यामुळेच. मात्र प्रत्येक तपासणीस फॉर्मॅलिन चालत नाही. क्षयाचे जंतू किंवा बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहायची असेल तर नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी मायकेल द्रावण वापरतात. एकच तुकडा चुकीच्या बाटलीत गेला, तर रुग्णाला पुन्हा नमुना द्यावा लागतो.

प्रयोगशाळेत तुकडा मेणात बसवून मायक्रोटोम यंत्राने त्याचे ३ ते ५ मायक्रोमीटर जाडीचे छेद काढतात आणि ते काचपट्टीवर घेतात. नेहमीच्या रंजनात दोन रंग असतात. मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या गाभ्यातून मिळणाऱ्या हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात. इओसिनने उरलेला भाग गुलाबी होतो. बहुतांश निदाने या दोन रंगांवर होतात.

शंका उरल्यास विशेष रंजने करतात. बुरशीसाठी पीएएस किंवा चांदीचे रंजन, क्षयाच्या जंतूंसाठी झील-नीलसन आणि अ‍ॅमिलॉइड या प्रथिनाच्या साठ्यासाठी काँगो रेड वापरतात. कुष्ठरोगाचे जंतू क्षयाच्या जंतूंपेक्षा नाजूक असतात आणि नेहमीच्या झील-नीलसन पद्धतीत त्यांचा रंग धुतला जाऊ शकतो. म्हणून फाइट-फराको पद्धतीत छेदावरील मेण काढताना झायलीनमध्ये शेंगदाण्याचे तेल मिसळतात. तेलामुळे जंतूंचे मेणचट आवरण टिकते आणि ते लाल काड्यांसारखे स्पष्ट दिसतात.

सारखे दिसणारे, वेगळे असणारे रोग

फिकट चट्टा. सावळ्या त्वचेवर उठलेला फिकट चट्टा हा भारतातील नेहमीचा पेच आहे. तो शिबे असू शकतो, कोड असू शकतो, इसबानंतर उरलेला डाग असू शकतो. तसाच तो कुष्ठरोगही असू शकतो. क्वचित प्रसंगी तो ‘मायकोसिस फंगॉइडिस’ असतो. नावात बुरशीचा उल्लेख असला तरी हा त्वचेतील लसिकापेशींचा कर्करोग आहे. बिहार किंवा पश्चिम बंगालमधून आलेल्या व्यक्तीत काळा आजार बरा झाल्यानंतर उमटणाऱ्या चट्ट्यांचाही विचार करावा लागतो. म्हणून रुग्ण पूर्वी कोठे राहत होता, हा प्रश्न निदानाचाच भाग ठरतो.

सूक्ष्मदर्शकाखाली हे रोग वेगळे होतात. शिब्यात बाह्यत्वचेच्या वरच्या थरात बुरशीचे तंतू आणि बीजाणू दिसतात. कोडात रंगपेशी नाहीशा झालेल्या असतात. कुष्ठरोगाच्या एका टोकाला चेतातंतूंभोवती पेशींचे घट्ट पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा, बनतात आणि जंतू जवळजवळ सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाला जंतूंनी गच्च भरलेल्या फेसाळ पेशी दिसतात. या दोन टोकांमधील अवस्थांसह रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये केलेले पाच गटांचे वर्गीकरण आजही वापरले जाते. मायकोसिस फंगॉइडिसमध्ये विकृत केंद्रकांच्या लसिकापेशी बाह्यत्वचेत शिरलेल्या असतात. आरंभी मात्र त्याचे चित्र इसबासारखेच भासते. म्हणून काही महिन्यांच्या अंतराने पुनःपुन्हा नमुने घ्यावे लागतात. पहिल्या अहवालात कर्करोग दिसला नाही याचा अर्थ तो नाहीच, असा होत नाही.

पायावरील चामखिळीसारखा जाड चट्टा. वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारा असा चट्टा त्वचेचा क्षय असू शकतो, क्रोमोब्लास्टोमायकोसिस ही बुरशी असू शकते किंवा कर्करोगही असू शकतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात काटा किंवा फांदी लागून झालेल्या जुन्या जखमेचा इतिहास असेल तर बुरशीचा संशय बळावतो. छेदात तांब्याच्या नाण्यांसारख्या दिसणाऱ्या गोल तपकिरी पेशी आढळल्या की प्रश्न मिटतो. त्यांना स्वतःचाच रंग असल्याने विशेष रंजनही लागत नाही. क्षयात मध्यभागी ऊतक मृत झालेले ग्रॅन्युलोमा दिसतात. कर्करोगात बाह्यत्वचेच्या विकृत पेशी खाली अंतस्त्वचेत शिरतात. पहिल्याला बुरशीनाशक औषधे, दुसऱ्याला क्षयाचा उपचार आणि तिसऱ्याला शस्त्रक्रिया लागते.

मदुरा पाद. कार्टर यांनी अभ्यासलेल्या या रोगाचे दोन प्रकार पुढे स्पष्ट झाले. एक खऱ्या बुरशीमुळे होतो, तर दुसरा बुरशीसारख्या तंतुमय जिवाणूंमुळे. बाहेरून पाय सारखाच सुजलेला दिसतो. छेदातील कणांत जाड तंतू असल्यास बुरशी आणि अतिशय बारीक तंतू असल्यास जिवाणू, असा भेद करता येतो. जिवाणूजन्य प्रकार प्रतिजैविकांना चांगला प्रतिसाद देतो. बुरशीजन्य प्रकारात दीर्घकाळ बुरशीनाशके आणि अनेकदा शस्त्रक्रिया लागते. रुग्णाचा पाय वाचण्याची शक्यता या भेदावर अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये या रोगाचा उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत समावेश केला.

फोडांचे रोग. पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड या दोन्हींत अंगावर फोड येतात. १९५३ मध्ये वॉल्टर लीव्हर यांनी ऊतकपरीक्षेच्या आधारे हे दोन रोग वेगळे असल्याचे दाखवले. पेम्फिगसमध्ये बाह्यत्वचेच्या पेशींमधील बंध सुटतात आणि फोड बाह्यत्वचेच्या आतच तयार होतो. त्याचे छत पातळ असल्याने तो चटकन फुटतो. पेम्फिगॉइडमध्ये संपूर्ण बाह्यत्वचाच खालच्या थरापासून सुटते, म्हणून फोड ताठ राहतो. १९६४ मध्ये बॉइटनर आणि जॉर्डन यांनी पेम्फिगसच्या रुग्णांत बाह्यत्वचेविरुद्धची प्रतिपिंडे चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने दाखवली. या तपासणीत पेम्फिगसमध्ये पेशींभोवती जाळे दिसते, तर पेम्फिगॉइडमध्ये एक सरळ चमकती रेघ. तिच्यासाठी नमुना फोडाचा नव्हे, तर त्याच्या शेजारच्या चांगल्या त्वचेचा घेतात.

मर्यादा

ऊतकपरीक्षा स्वयंपूर्ण नाही. तीन मिलिमीटरचा तुकडा संपूर्ण त्वचेचा प्रतिनिधी असेलच असे नाही. शिवाय भिन्न रोगांत ऊतकाची प्रतिक्रिया एकसारखी असू शकते. क्षय, कुष्ठरोग, सार्कॉइडोसिस आणि काही बुरशीजन्य रोग या सर्वांत ग्रॅन्युलोमा आढळतात. म्हणून अहवालात पुष्कळदा ठाम नावाऐवजी ‘अमुक रोगाशी सुसंगत’ किंवा ‘रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे’ असे शब्द असतात. ते टाळाटाळीचे लक्षण नसून या शास्त्राची रीतच आहे. नमुन्यासोबतच्या कागदावर वय, रोगाचा कालावधी, चट्ट्यांची जागा, संवेदना, घेतलेली औषधे आणि डॉक्टरांचा अंदाज लिहिलेला असेल तर अहवाल अधिक नेमका होतो. नुसते ‘त्वचेचा तुकडा’ एवढेच लिहून पाठवलेल्या नमुन्यातून विकृतितज्ज्ञाला थोडेच सांगता येते. मेणाचा ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो. त्यामुळे निदानाबद्दल शंका आल्यास तोच ठोकळा दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घेता येतो.

सामाजिक महत्त्व

महाराष्ट्रात त्वचारोगाच्या निदानाला वैद्यकीय अर्थाइतकाच सामाजिक अर्थही राहिला आहे. मुंबईतील वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरुग्णालय १८९० मध्ये सुरू झाले ते निराधार कुष्ठरुग्णांना शहरापासून वेगळे ठेवण्यासाठी. ‘महारोग’ हा शब्द उच्चारला गेला की माणसाचे घर, नोकरी आणि लग्न तुटत असे. हिंदू विवाह कायद्यासह पाच वैयक्तिक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे अथवा विभक्त होण्याचे कारण मानले जात होते. ही तरतूद २०१९ मध्ये रद्द झाली.

कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो आणि त्याचे निदान बहुधा संवेदना हरपलेल्या चट्ट्यावरून व जाड झालेल्या चेतांवरून होते. प्रत्येक रुग्णाला ऊतकपरीक्षा लागत नाही. भारतात डिसेंबर २००५ मध्ये या रोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून कमी झाले आणि राष्ट्रीय पातळीवर त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. रोग विरळ झाला की तो ओळखण्याची डॉक्टरांची सवयही कमी होते आणि आरंभीचा चट्टा इसब किंवा नायटा समजला जाण्याचा धोका वाढतो. या विलंबात चेता कायमच्या निकामी होऊ शकतात, हातापायांची बोटे वाकडी होतात. उलट, कुष्ठरोग नसताना तसा शिक्का बसणेही रुग्णाला आणि त्याच्या कुटुंबाला फार जड जाते. संशयित चट्ट्याची ऊतकपरीक्षा या दोन्ही चुका टाळण्यास मदत करते.