मोबाईलमधले पाहुणे



आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, असे आपण निबंधात नेहमी लिहितो. या युगात एक नवीनच जमात तयार झाली आहे. तिला हाडे नाहीत, रक्त नाही, भूक नाही, झोप नाही. ती संगणकात तयार होते आणि मोबाईलच्या काचेतून आपल्याशी खेळते, बोलते. मी आमच्या आज्जीला ही माहिती सांगितली, तर आज्जी म्हणाली, "माणूस न्हाई, जनावर न्हाई, भूत बी न्हाई. मग हाय तरी काय ते?"

आज्जीचा प्रश्न बरोबर आहे. म्हणून ही पात्रे म्हणजे काय, आणि ती आपल्या जगात आल्यावर कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या कोणत्या गोष्टी घडल्या, ते मी या लेखात सांगणार आहे.

ती बाहेर कशी आली?

गोष्टीतला राक्षस पुस्तकात राहतो. पुस्तक मिटले की तो गप्प. आमचे बाबा लहान असताना, १९९७ साली, दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला. तोसुद्धा ठरलेल्या वेळी यायचा आणि टीव्हीच्या पेटीतच राहायचा. आपल्या गल्लीत तो कधी उतरला नाही.

जुलै २०१६ मध्ये मात्र नवल घडले. पोकेमॉन ही जपानी खेळातली चित्रविचित्र प्राणीमंडळी. 'पोकेमॉन गो' हा मोबाईलवरचा खेळ आला आणि हे प्राणी खऱ्या रस्त्यावर, खऱ्या बागेत, खऱ्या समुद्रकिनाऱ्यावर दिसू लागले. खेळणाऱ्याने चालत जाऊन त्यांना पकडायचे. आपल्या देशात हा खेळ रीतसर आला डिसेंबर २०१६ मध्ये. पण त्याच्या आधीच मुंबईत लोक मोबाईल पुढे धरून हिंडू लागले होते आणि पोलिसांना लोकांना सावध करावे लागले होते.

हे कसे घडते? घरी एक प्रयोग करा. आरशावर टिकली चिकटवा आणि लांब उभे राहून आरशात बघा. डोके थोडे इकडेतिकडे हलवले की टिकली तुमच्या कपाळावर आल्यासारखी दिसेल. कपाळावर टिकली नाही, ती काचेवर आहे. मोबाईलमध्येही तसेच. कॅमेरा समोरचा रस्ता दाखवतो आणि संगणक त्याच्यावर प्राण्याचे चित्र चिकटवतो. आपण कुठे उभे आहोत ते मोबाईलला आकाशातल्या उपग्रहांमुळे कळते. कोणता प्राणी कोठे दाखवायचा हे दूरच्या एका मोठ्या संगणकात ठरलेले असते.

म्हणजे आज्जीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की ते एक चित्र आहे, आणि त्या चित्राची दोरी दुसऱ्याच्या हातात आहे.

आपल्याकडे पाहुणा आला की आपण पाणी देतो आणि मग चार गोष्टी विचारतो. या पाहुण्यांनाही चार प्रश्न विचारून बघू.

पहिला प्रश्न : कोणाला विचारून आलात?

या खेळात काही ठिकाणी थांबे असतात. तेथे गेले की खेळातल्या वस्तू मिळतात. त्यात अंडीही असतात. ते अंडे उबवायला खेळणाऱ्याला २, ५ किंवा १० किलोमीटर चालावे लागते. आता हे थांबे कोठे होते? कंपनीच्या एका जुन्या खेळात खेळाडूंनी जागा सुचवल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच येथे वापरल्या. देवळे, पुतळे, स्मारके यांचा त्यात भरणा होता. तिथल्या लोकांना कोणी विचारले नव्हते.

सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात याविरुद्ध अर्ज झाला. हिंदू आणि जैन मंदिरांत खेळातली अंडी दिसतात, त्यामुळे लोकांच्या भावना दुखावतात, असे त्यात म्हटले होते. न्यायालयाने कंपनीला नोटीस काढली. आपल्या तालुक्यात बाहुबली येथे जैनांचे मोठे तीर्थक्षेत्र आहे, त्यामुळे यात दुखावण्यासारखे काय ते आपल्याला वेगळे सांगायला नको. अंडे खरे नव्हते, पण मंदिर खरे होते.

जपानमधल्या हिरोशिमाच्या शांती उद्यानातही लोक हे प्राणी पकडायला जमले. तेथे ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबमध्ये मेलेल्या लोकांचे स्मारक आहे. शहराने विनंती केल्यावर तिथले थांबे काढून टाकण्यात आले. आधी पाहुणा आला, परवानगीचा विचार मागाहून झाला.

दुसरा प्रश्न : कोणाचे लक्ष नेलेत?

२६ ऑक्टोबर २०१६ रोजी जपानमधल्या इचिनोमिया शहरात चौथीतला एक नऊ वर्षांचा मुलगा शाळेतून घरी चालला होता. रस्ता ओलांडताना त्याला ट्रकने उडवले. तो वारला. ट्रकचालक गाडी चालवताना हाच खेळ खेळत होता. त्यानंतर कंपनीने खेळात बदल केला. गाडी वेगात असली की थांब्यावरून काही मिळू नये अशी व्यवस्था केली.

ही माहिती मिळाल्यापासून माझ्या मनातून ती जात नाही. त्या मुलाच्या हातात मोबाईल नव्हता. खेळ दुसऱ्याचा होता आणि जीव याचा गेला. आपल्याकडेही गळीत हंगाम लागला की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात आणि आपण त्याच रस्त्याच्या कडेने शाळेला येतो. चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर नसतील, तर आपण कितीही कडेने चाललो तरी काय उपयोग?

तिसरा प्रश्न : किती दिवस राहणार?

१९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये 'तामागोची' नावाचे अंड्याएवढे खेळणे निघाले. त्याच्या काचेवर एक पिल्लू असायचे. बटणे दाबून त्याला खाऊ घालायचे, त्याची घाण काढायची. लक्ष दिले नाही तर ते मरायचे. मुले ते शाळेत आणू लागली आणि तासाला त्याची पिपाणी वाजू लागली, तेव्हा देशोदेशीच्या पुष्कळ शाळांनी त्यावर बंदी घातली. पिल्लू मेले म्हणून मुले खरोखर रडली. पिल्लू खोटे होते, पण रडू खरे होते.

मोठ्या माणसांचेही असेच होते. जपानमध्ये 'हात्सुने मिकू' नावाची संगणकातली गायिका आहे. २०१८ साली एका माणसाने तिच्याशी लग्नाचा समारंभ केला. कायद्याने ते लग्न ठरत नाही. तो एका यंत्रातून तिच्याशी बोलत असे. २०२० साली कंपनीने ती सोय बंद केली आणि मिकूचे बोलणे थांबले. आमच्या घरी हे ऐकून आधी सगळे हसले. मग आज्जी म्हणाली, "हसू नगासा. माणसाचा जीव लागतो. बैल इकला तरी आपण दोन दिस जेवत न्हाई." बैल विकायचा की नाही, हे निदान आपण ठरवतो. इथे तर ते तिसराच ठरवतो.

चौथा प्रश्न : तुमच्या शब्दाला जबाबदार कोण?

आता ही पात्रे बोलूही लागली आहेत. २६ मे २०२४ रोजी 'डीडी किसान' वाहिनीवर कृष आणि भूमी असे दोन निवेदक आले. ते दिसतात माणसासारखे, पण आहेत संगणकातले. त्यांना ५० भाषा बोलता येतात असे सांगण्यात आले. ते दमत नाहीत, रजा घेत नाहीत. २०२५ साली महाराष्ट्राच्या कृषी विभागाने 'महाविस्तार' नावाचे ॲप काढले. त्यात शेतकऱ्याला मराठीतून प्रश्न विचारता येतो.

ही सोय चांगलीच आहे. रात्री दहा वाजता उत्तर द्यायला दुसरे कोण बसले आहे? पण समजा, उसावर लोकरी मावा पडला आणि अशा एखाद्या यंत्राने औषधाचे प्रमाण चुकीचे सांगितले, तर? शेतीखात्याचा माणूस बांधावर येतो. चुकला तर उद्या त्याला गाठून विचारता येते. यंत्राला कोठे गाठणार? त्याला गोड बोलता येते, पण नुकसान सोसता येत नाही. ते सोसतो शेतकरीच.

तर मग काय करावे?

ही पात्रे वाईटच आहेत असे माझे म्हणणे नाही. घरात बसून राहणारी कितीतरी माणसे त्या प्राण्यांच्या मागे मैलोन्‌मैल चालली. अनोळखी लोकांची ओळख झाली. आपल्या वर्गातही कविता ऐकायला आणि गणित समजायला मोबाईलचा उपयोग होतो.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पात्र खोटे असले तरी त्याच्यामुळे जे होते ते खरे असते. वर विचारलेल्या चार प्रश्नांतले एकही उत्तर ते पात्र देऊ शकत नाही. उत्तर ज्याने त्याला पाठवले त्याने द्यायचे असते. म्हणून विचारताना पाहुण्याकडे बघू नये, पाठवणाऱ्याचे नाव विचारावे.

पालकांना माझी नम्र विनंती आहे. गाडी चालवताना मोबाईल खिशात ठेवा. मोबाईलने औषध सांगितले तर ते फवारण्याआधी एखाद्या जाणत्या माणसाला विचारा. आणि आम्ही काचेतल्या कोणाशी बोलत बसलो, तर नुसते रागावू नका. जवळ बसून विचारा, "हा कोण? ह्याला कोणी पाठवलंय?" आम्हाला ठाऊक नसेल तर दोघे मिळून शोधू.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी