पिकू दिलेला डोळा

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सुमारे ४० किलोमीटरांवर, दौंड तालुक्यातील यवत हे गाव लागते. तुकोबांची पालखी पंढरीस निघाली म्हणजे येथे मुक्काम करते, आणि वारकऱ्यांना पिठले-भाकरी जेवू घालण्याची वहिवाट गावकरी निष्ठेने चालवितात. भोवतालचा मुलूख कालव्याच्या पाण्यावर पोसलेला, उसाचा आणि गुऱ्हाळांचा. तेथे ‘पिकणे’ हा शब्द सदैव शुभ, कारण ऊस परिपक्व झाल्यावाचून त्यास कोयता लावू नये, हे लहान मुलासही ठाऊक असते. हाच शब्द वृद्ध माणसाच्या डोळ्याविषयी उच्चारला गेला म्हणजे मात्र त्याचा परिणाम कधीकधी दृष्टीच्या कायमच्या नाशात होतो.

‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’ हे वाक्य अडाणीपणातून जन्मलेले नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. १७४७ साली झाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्याने भिंग डोळ्याबाहेर काढण्याची जी रीत सुरू केली, तीत अपक्व भिंगाचे चिकट अवशेष आत राहून दाह उत्पन्न होई; म्हणून भिंग पुरते पिकण्याची वाट पाहणे हा त्या काळी शहाणपणाच होता. पुढे शस्त्रक्रियेनंतर जाडजूड चष्मा वापरावा लागे, तेव्हाही घाई नको वाटणे स्वाभाविक होते. १९४९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले, त्यानंतरच्या दशकांत छेद लहान होत गेला, आणि थांबण्याचे कारण उरले नाही. शब्द तेवढा लोकांच्या तोंडी राहिला.

न काढलेला मोतीबिंदू स्वस्थ बसत नाही. डोळ्यात एक पाणीदार रस सतत पाझरतो आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातील सूक्ष्म जाळीतून निचरतो. या आवक-जावकीच्या समतोलावर डोळ्याचा दाब, साधारणतः १० ते २१ मिलिमीटर पारा, टिकून असतो. पिकणारे भिंग कधी पाणी शोषून फुगते आणि रंगीत पडदा पुढे रेटून तो कोनच बुजविते. कधी ते अतिपक्व होते, त्याचा गर दुधासारखा पातळ होतो, आणि त्यातील प्रथिने आवरणातून झिरपून बाहेर पडतात. ती गिळावयास धावलेल्या पेशी स्वतःच जाळीत अडकून निचरा बंद पाडतात. वाट निराळी, परिणाम एकच: दाब चाळीसच्या वर चढतो, डोळा लालबुंद होऊन ठणकतो, अर्धे डोके फुटू लागते, उलट्या होतात. मोतीबिंदूच्या पोटी काचबिंदू जन्मतो तो असा. घरचे मात्र उलट्यांवरून पित्त म्हणतात, लालीवरून डोळे आले म्हणतात, आणि मोलाचे दिवस हातचे जातात.

ते दिवस किती मोलाचे, याचा दाखला मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातील १९९६ सालच्या अभ्यासात आहे. तेथे अशा ९३ डोळ्यांची तपासणी झाली. ज्यांचे वय साठीपुढे होते आणि ज्यांचे दुखणे पाच दिवसांहून जुने होते, त्यांची दृष्टी ठळकपणे कमी परतली.

अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, पुण्यात हडपसरजवळ महंमदवाडीस देसाई नेत्र रुग्णालय आहे. तरीही वृद्ध माणूस मुदतीमागून मुदत मागतो: ऊस तुटू दे, नातीचे लग्न होऊ दे, आणि दुसऱ्या डोळ्याने दिसतेच आहे की. त्या शेवटच्या कारणाने माझे मन फार कष्टी होते, कारण आपले दुखणे कोणाच्या कामाआड येऊ नये एवढीच त्यामागची भावना असते.

अशा रुग्णास आणल्यावर वैद्य प्रथम औषधांनी दाब उतरवितात आणि मग भिंग काढतात; काचबिंदूचे मूळच निघून जाते. परंतु त्याआधी चांगला डोळा झाकून, दुखऱ्या डोळ्यावर चारी बाजूंनी आळीपाळीने विजेरीचा झोत टाकून, उजेड कोणीकडून येतो असे विचारतात. म्हातारीने अचूक बोट दाखविले, तर त्या दाबाखाली चेपला जाणारा दृष्टीचा मज्जातंतू अद्याप जिवंत आहे असे समजून दृष्टीची आशा धरतात. ‘उजेड? कुठं आहे उजेड?’ असे तिनेच उलट विचारले, तर शस्त्रक्रिया केली तरी ती केवळ ठणका थांबविण्यासाठी असते.