विहिरीतले कासव आणि औषधांना दाद न देणारे जिवाणू

विहिरीत कासव सोडले की पाणी शुद्ध राहते, ही समजूत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत इतकी मुरलेली आहे की तिच्याविषयी शंका घेणाराच तऱ्हेवाईक ठरतो. प्रतिजैविकांना, म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या किंवा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांना, दाद न देणाऱ्या जिवाणूंची चर्चा वर्तमानपत्रांतून होऊ लागल्यापासून या समजुतीला एक नवे शेपूट फुटले आहे. कासव हा निसर्गातला जीव, त्याने जन्मात कधी गोळी खाल्लेली नाही की इंजेक्शन टोचून घेतलेले नाही, तेव्हा त्याच्या अंगी असले जिवाणू असणे शक्यच नाही, उलट पाण्यातले असतील तेही तो गट्ट करत असणार, असा युक्तिवाद शिकलेली माणसेही गंभीरपणे करतात. या युक्तिवादातला निष्कर्ष चुकीचा आहेच, पण ज्या गृहीतकावर तो उभा आहे ते अधिक घातक आहे.

समजुतीत तथ्याचा अंश आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. विहिरी-तळ्यांत सापडणारे कासव पुष्कळदा ‘लिसेमिस पंक्टाटा’ या शास्त्रीय नावाचे, मऊ पाठीचे आणि पोटाकडील कवचाला मागचे पाय झाकणाऱ्या कातडी झडपा असलेले असते. ते गोगलगायी, बेडूक, मासे व पाणवनस्पती खाते आणि मेलेला जीवही सोडत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मेलेले कार्प मासे टाकलेल्या पाण्यात कासवे असतील तर त्या पाण्याचा दर्जा लवकर पूर्वपदावर येतो, असे दिसून आले, कारण कुजण्याआधीच मांस खाल्ले गेले की पाण्यातला प्राणवायू कमी घटतो आणि अमोनियाही कमी साचतो. कासव सडका माल उचलते, एवढे खरे आहे.

मात्र सडका माल उचलणे आणि पाणी निर्जंतुक करणे या दोन गोष्टींतील अंतर सरकारी योजनांच्याही ध्यानात राहिलेले दिसत नाही. गंगा कृती योजनेत चंबळ व यमुनेच्या काठची अंडी आणून, सारनाथला पिल्ले वाढवून, हजारो कासवे वाराणसीजवळ गंगेत सोडण्यात आली, ती अर्धवट जळालेली प्रेते खातील या अपेक्षेने. १९८९ साली तेथील सुमारे ७ किलोमीटरचा पट्टा कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२० साली त्याचा तो दर्जा काढून घेण्यात आला. प्रेतावरचे मांस कासव खाऊ शकते. शहराच्या नाल्यातून नदीत उतरणाऱ्या मैलापाण्याचे त्याने काय करावे, हे मात्र कोणी सांगितलेले नाही.

कासव म्हणजे गाळणी नव्हे. जिवाणूची लांबी एक-दोन मायक्रोमीटर असते, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा किंवा त्याहून थोडी अधिक, आणि शिंपले ज्याप्रमाणे पाणी गाळून त्यातले सूक्ष्म कण खातात तशी कोणतीही व्यवस्था कासवाच्या शरीरात नाही. ते खाद्याबरोबर पाणी आणि गाळ गिळते, त्यांतील जिवाणू आतड्यात पोहोचतात, काही तेथे वस्ती करतात आणि विष्ठेवाटे पुन्हा त्याच पाण्यात येतात. शिवाय कासवाचे तापमान भोवतालच्या तापमानाबरोबर बदलते, त्यामुळे पाण्यात सुखाने राहणाऱ्या जिवाणूंना त्याचे आतडे परके वाटण्याचे कारण नसते. कवचावर शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर असतो तो वेगळाच. अमेरिकेत टेक्सासमधील सॅन मार्कोस नदीच्या उगमाशी, नितळ झऱ्याच्या पाण्यात राहणाऱ्या कासवांच्या अवस्करातच नव्हे (अवस्कर म्हणजे विष्ठा, मूत्र आणि अंडी यांच्यासाठी असलेले एकच द्वार), तर पाठीवरच्या या थरातही साल्मोनेला हे जुलाब व ताप आणणारे जिवाणू आढळले आहेत. विहिरीत कासव सोडल्याने त्या विहिरीला एक प्राणी मिळतो आणि त्याची विष्ठा मिळते. पाण्याची शुद्धता वाढत नाही.

आता त्या गृहीतकाकडे वळणे भाग आहे. ज्याने औषध घेतले त्याच्याच शरीरात औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होतात, ही कल्पना मुळापासून चुकीची आहे, आणि ती कितीदा खोडून काढली तरी पुन्हा पुढे येते. रोध, म्हणजे औषधाला न जुमानण्याची क्षमता, हा रुग्णाचा गुण नसून जिवाणूचा आहे, आणि जिवाणू प्रवास करतात. इतकेच नव्हे, रोधाची जनुके अनेकदा प्लास्मिड नावाच्या, गुणसूत्राबाहेरच्या वर्तुळाकार डीएनएवर असतात आणि एक जिवाणू ती शेजारच्या, कित्येकदा वेगळ्या जातीच्या जिवाणूला देऊन टाकतो. माणसाने घेतलेल्या अमॉक्सिसिलिनचा सुमारे ६० टक्के भाग सहा ते आठ तासांत जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो, आणि त्याबरोबर पोटातले रोधी जिवाणूही मैलापाण्यात उतरतात. पाण्यात औषध विरळ झाले म्हणून प्रश्न मिटला असे मानण्याचीही सोय नाही, कारण जिवाणूंची वाढ थांबवायला जेवढी मात्रा लागते तिच्या शेकडो पटींनी कमी मात्रेतही रोधी जिवाणूंची सरशी होऊ शकते, हे २०११ साली स्वीडिश संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवले आहे.

ज्यांना हे सारे परदेशातले वाटते त्यांच्यासाठी पुण्याच्या मुठा नदीचे उदाहरण पुरेसे आहे. नचिकेत मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नदीच्या गाळातील सर्व डीएनए एकत्र वाचून त्यातील रोधी जनुके शोधली. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी १७५ प्रकारची जनुके त्यांना सापडली, शहरातील गाळात त्यांचे प्रमाण शहराच्या वरच्या अंगाच्या तुलनेत ३० पट होते, आणि इतर औषधे थकल्यावर वापरल्या जाणाऱ्या कार्बापेनेम गटाला निकामी करणारी जनुकेही त्यांत होती. रुग्णालयांतील संसर्गांमुळे कुप्रसिद्ध असलेल्या ॲसिनेटोबॅक्टर या एकाच प्रजातीचा वाटा काही नमुन्यांत २९ टक्क्यांपर्यंत होता. हा अभ्यास कासवांचा नव्हे, गाळाचा आहे. परंतु मऊ पाठीचे कासव दिवसाचा मोठा भाग गाळात तोंड खुपसून काढते आणि उन्हाळ्यात पाणी आटले की त्याच चिखलात स्वतःला गाडून घेते, तेव्हा गाळात जे आहे ते त्याच्या वाट्याला येणारच. तुर्कस्तानात मुक्त वावरणाऱ्या पाणकासवांपासून व बेडकांपासून वेगळे केलेले जिवाणू तपासले गेले, तेव्हा प्रतिजैविकांबरोबर जड धातूंनाही दाद न देण्याचा गुण त्यांच्यात आढळला. यात आश्चर्य नाही, कारण तांब्यापासून बचाव करणारे जनुक आणि औषधापासून बचाव करणारे जनुक कित्येकदा एकाच प्लास्मिडवर शेजारी शेजारी बसलेले असते आणि एकाची निवड झाली की दुसरे फुकट टिकते.

अशी तपासणी कशी होते हे पाहिले की बातम्यांतील अर्धा गोंधळ कमी होतो. कासवाच्या अवस्करात निर्जंतुक कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतला जातो, त्यातून वाढवलेला एकेक जिवाणू पोषक जेलीच्या तबकडीवर पसरला जातो आणि वर औषध भिनवलेल्या, ६ मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवल्या जातात. सुमारे ३५ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवल्यावर, औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते आणि त्याचा व्यास मोजून निकाल ठरतो. वाढ थेट चकतीला भिडली असेल तर औषध निकामी. तथापि वर्तुळ उमटले नाही म्हणजे प्रदूषण सिद्ध झाले, असे नाही. गोड्या पाण्यात आणि कासवांत नेहमी आढळणारे एरोमोनास जिवाणू बहुधा जात्याच ॲम्पिसिलिनला जुमानत नाहीत, आणि कॅनडातील युकॉन प्रदेशाच्या ३०,००० वर्षे गोठलेल्या मातीतही रोधी जनुके सापडली आहेत. माणसाचा हात ओळखायचा तो आतड्यातील ई. कोलायसारख्या जिवाणूंत शिरलेल्या, प्लास्मिडवरून फिरणाऱ्या जनुकांवरून. नुसते ‘कासवात सुपरबग’ असे मथळे देणाऱ्यांना हा भेद सांगण्याची गरज वाटत नाही.

कासवालाच औषध देऊन निर्जंतुक करावे, हा विचारही करून झालेला आहे आणि त्याचा निकाल जगासमोर आहे. घरी पाळलेल्या पिल्लांमुळे मुलांना साल्मोनेलाचा संसर्ग होत असल्याने अमेरिकेने १९७५ साली ४ इंचांहून कमी लांबीचे कवच असलेल्या कासवांची पाळीव म्हणून विक्री बंद केली. तेव्हा लुइझियानातील कासवपालकांनी निर्यातीसाठी अंडी जेन्टामायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणात बुडवून, हवेच्या दाबातील फरकाने औषध कवचाच्या आत शिरवण्याची पद्धत स्वीकारली. साल्मोनेला कमी झाले, पण नाहीसे झाले नाहीत, आणि जे उरले त्यांत जेन्टामायसिनला न जुमानणाऱ्यांचा भरणा असल्याचे कॅनडात पोहोचलेल्या मालाच्या तपासणीतून १९९० साली प्रसिद्ध झाले. २००६ साली लुइझियानातील पाळीव कासवांच्या आतड्यातील जिवाणूंत हा रोध प्लास्मिडवरून फिरत असल्याचेही दाखवले गेले. औषध घेतलेले कासवही निर्जंतुक झाले नाही आणि न घेतलेलेही नसते.

उरलेल्या गैरसमजांना फार जागा देण्याचे कारण नाही. ‘शरीराला औषधाची सवय होते’ हे चूक आहे. सवय जिवाणूंना होते, आणि तीही सवय नसून निवड असते. रोधी जिवाणू अधिक जहाल असतो, हेही खरे नाही. तो अंगावर बसूनही आजार करीलच असे नाही, पण केल्यास औषध शोधताना वेळ जातो. रोधी जिवाणू उकळल्याने मरत नाहीत, ही निव्वळ अफवा आहे. खळखळून उकळलेले पाणी आणि योग्य मात्रेतले क्लोरीन यांना औषधांविरुद्धचा रोध अडवत नाही. मैलापाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले म्हणजे काम झाले, असेही नव्हे: हैदराबादजवळ पाटणचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ साली लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लोक्सॅसिन आढळले होते, जे उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातल्या मात्रेहून कितीतरी अधिक आहे. आणि कासवांमुळे रोग पसरतो म्हणून ती मारावीत असे म्हणणाऱ्यांनी, मैला नदीत कोण सोडते, याचा आधी विचार करावा.

लिसेमिस पंक्टाटा हे कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे ते पकडून विहिरीत सोडणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा ठरतो. विहिरीत कासव आढळल्यास महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, ते हाताळलेच तर साबणाने हात धुवावेत, आणि विहिरीच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर (क्लोरीन देणारी ब्लीचिंग पावडर) ठरल्या मात्रेत टाकून घ्यावी.