कंबरेचा घेर आणि स्तनातली गाठ

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेतल्या उत्तरातून हिंगोलीचा आकडा बाहेर आला आणि मथळे झळकले: १४,५४२ महिलांना कर्करोगासारखी लक्षणे! कर्करोग तपासणीच्या ‘संजीवनी’ मोहिमेत २,९२,९९६ महिलांना प्रश्न विचारले होते, हे मथळ्यात मावलं नाही. पुढच्या तपासणीत तोवर कर्करोग निघाला तो गर्भाशयमुखाचा तिघींना, तोंडाचा आठ जणींना आणि स्तनाचा एकीला. लक्षण म्हणजे निदान नव्हे.

मला त्या आकड्यापेक्षा आशाताईंच्या हातातला तक्ता महत्त्वाचा वाटतो. तिशीपुढच्या बाईच्या कंबरेला टेप लावायची: ८० सेंटिमीटरपर्यंत शून्य गुण, ९० पर्यंत एक, त्यावर दोन. त्याच तक्त्यात पुढे विचारायचं, स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्त जातं का, आकार बदललाय का. टेप मधुमेहाच्या खात्यात, गाठ कर्करोगाच्या. शरीर अशी खाती पाडत नाही.

स्तनाच्या पुष्कळ कर्करोगांत पेशींवर इस्ट्रोजेनचा रिसेप्टर सापडतो. इस्ट्रोजेन त्याला चिकटलं की तो वाढीची जनुकं चालू करतो. त्यांतलंच एक आयआरएस-१ या प्रथिनाचं. हे प्रथिन इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचवतं. म्हणजे इस्ट्रोजेनमुळे पेशीला इन्सुलिनची हाक जास्त मोठ्यानं ऐकू येते. परतफेडही होते. इन्सुलिननं जागी केलेली एकेटी आणि एमएपी कायनेज ही विकरं इस्ट्रोजेन-रिसेप्टरच्या ठरावीक जागांवर, सेरीन-१६७ आणि सेरीन-११८ वर, फॉस्फेट डकवतात. मग इस्ट्रोजेन तुटपुंजं असलं तरी रिसेप्टर कामाला लागतो. दोन शेजारणींची ही उसनवारी गाठीच्या पथ्यावर पडते.

यातलं बरंचसं कळलं ते स्तन-कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींवरून. अमेरिकेतल्या एका ननच्या शरीरातून १९७० मध्ये घेतलेल्या या पेशी आजही जगभर वाढवल्या जातात. त्यांचं खाद्य गुलाबी दिसतं ते फिनॉल रेडमुळे. या रंगातून इस्ट्रोजेनसारखा परिणाम होतो, हे १९८६ मध्ये उघड झालं आणि ‘इस्ट्रोजेनविना’ म्हणून केलेले कितीतरी प्रयोग संशयात सापडले!

आता टेपकडे. पोटाची चरबी वाढली की रक्तातलं इन्सुलिन वाढतं. त्यामुळे यकृत एसएचबीजी हे प्रथिन कमी बनवतं आणि त्याला बांधलेलं इस्ट्रोजेन मोकळं सुटतं. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतो, पण चरबीतलं अरोमाटेज हे विकर इस्ट्रोजेन घडवत राहतं. म्हणून हा धोका मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांचा. तरुणपणी हिशेब वेगळा असतो. वजनकाट्यावर विसंबून चालत नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना छापली: दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

मग इन्सुलिन उतरवणारी गोळी द्यावी? मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर मोठी आशा होती. मधुमेह नसलेल्या ३,६४९ स्तन-कर्करोग रुग्णांवरच्या पाच वर्षांच्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला: आजार उलटण्याच्या बाबतीत फरक नाही. पेशीतलं गणित खरं, पण औषध म्हणून ते सुटलेलं नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या कुणी हे वाचून सुई बंद करू नये. १२,५३७ जणांच्या ‘ओरिजिन’ चाचणीत सहा वर्षांत इन्सुलिन ग्लार्जिनमुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. आणि हिंगोलीतलं सेनगाव असो की वसमत, आशाताईंनी टेप काढली तर ‘राहू द्या’ म्हणू नका. गाठ दुखत नसली तरी दाखवाच.